बुडबुडा फुटतो आणि पोलाद झिजतं

लोहारा तालुक्यात माकणीजवळ तेरणा नदी अडवून निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण बांधलेलं आहे. धरणाच्या फुगवट्याकाठी आणि शिवारातल्या विहिरींवर विजेच्या मोटारी बसलेल्या असतात. पावसाळ्यात पाणी मोटारीच्या पायाशी असतं, तोवर सगळं सुरळीत चालतं. फाल्गुन-चैत्रात पाणी खाली सरकतं, सक्शनचा पाइप लांबवावा लागतो आणि एखाद्या दिवशी मोटारीचा आवाजच बदलतो. पंपात कुणी मूठभर खडे टाकले असावेत तसा खडखडाट सुरू होतो. डिलिव्हरीचं पाणी कमी पडतं, पाइप थरथरू लागतो. मेकॅनिक पंप खोलतो तेव्हा खडा एकही निघत नाही. हाती येतो तो पंखा, म्हणजे इंपेलर. त्याच्या पात्यांवर, पाणी आत शिरतं त्या कडेच्या जरा पुढे, बारीक खड्डे पडलेले असतात. बोट फिरवलं तर खरखरीत लागतात.

हे खड्डे वाळूने पडलेले नसतात आणि गंजानेही नसतात. पाण्यात तयार झालेल्या आणि क्षणात नाहीशा झालेल्या बुडबुड्यांनी ते पाडलेले असतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. या लेखाचा खरा विषय पंप नाही. मोटारसायकलच्या इंजिनाचं कव्हर किंवा स्वयंपाकघरातल्या गॅसचा रेग्युलेटर ज्या पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, ओतला जातो त्या डायला वितळलेली धातू कशी पोखरते, हे आपल्याला पाहायचं आहे. पण डाय बंद असते, आतलं काही दिसत नाही, आणि यंत्राच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. पंपाचं तसं नाही. म्हणून आधी पंप समजून घेऊ.

पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो. ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला लागू आहे. दाब कमी केला तर पाणी त्याहून कमी तापमानाला उकळतं, आणि दाब पुरेसा उतरला तर ३० अंशांचं साधं विहिरीचं पाणीही उकळतं. चूल लागत नाही, वाफ मात्र होते. ३० अंशांना त्यासाठी दाब सुमारे ४.२ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या चोविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरावा लागतो. एवढा कमी दाब शेतातल्या पंपात येतो कुठून?

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाण्याला ओढता येत नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपातून वर ढकलतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ तोलून धरतो. लोहाऱ्याचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे तोच स्तंभ साधारण ९.६ मीटरच भरतो. त्यातून उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याच्या वाफेचा दाब वजा करा, फुटव्हॉल्व्हमध्ये आणि पाइपात होणारं घर्षण वजा करा, पंपाला स्वतःसाठी लागणारा दोन-तीन मीटरचा दाब वजा करा. हाती पाच-सहा मीटरच उरतात. पाणी त्याखाली गेलं की इंपेलरच्या तोंडाशी दाब वाफेच्या दाबाइतका उतरतो आणि पाण्यात बुडबुडे सुटतात. विहिरीत कठड्यावर मोटार उतरवून ठेवण्याची जुनी रीत याच हिशेबातून आलेली आहे. पाण्यात बुडणारी सबमर्सिबल मोटार या अडचणीतून सुटते, कारण ती पाण्याखाली असते. वरून पाण्याचा दाब तिला आयताच मिळतो.

बुडबुडे होण्याने धातूला काही होत नाही. घात होतो तो ते मिटताना. इंपेलरच्या तोंडाशी जन्मलेला बुडबुडा पाण्याबरोबर पुढे सरकतो आणि पात्यांमधून जाताना दाब पुन्हा वाढतो. आता आतल्या वाफेचं पाणी होतं आणि बुडबुडा चहूबाजूंनी आत कोसळतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साध्या हवेच्या दाबाखाली मिटायला सुमारे ९० मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाचा अकरा-हजारावा भाग. एवढ्या वेळात भोवतालचं सगळं पाणी एका बिंदूकडे धावतं आणि तिथे एकमेकांवर आदळतं.

हा हिशेब लॉर्ड रेले यांनी १९१७ साली मांडला. त्यामागे नौदलाची अडचण होती. १८९३ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेच्या चाचण्यांत इंजिन पुरेशी शक्ती देत असूनही नौका अपेक्षित वेग गाठेना. नौका ढकलणाऱ्या पंख्याची पाती पाण्यात इतक्या जोराने फिरत होती की त्यांच्या पाठीवर पाण्याऐवजी वाफेच्या पोकळ्या तयार होत होत्या. पात्यांचं क्षेत्र वाढवल्यावर वेग मिळाला. वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनाही आपल्या ‘टर्बिनिया’ नौकेवर हाच अनुभव आला. त्यांनी १८९५ साली पाण्याची एक छोटी बंदिस्त वाट तयार करून तीत पंखा फिरवला आणि काचेतून त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. पुढे जहाजांचे पितळी-कांस्य पंखे काही महिन्यांच्या प्रवासात खड्ड्यांनी भरून येऊ लागले, तेव्हा समुद्राचं खारं पाणी धातू खातं असं बऱ्याच जणांना वाटलं. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कुक यांनी १९१९ साली प्रयोगांसह दाखवून दिलं की इथे रसायनाचा वाटा दुय्यम आहे. पोकळी मिटताना बसणारा पाण्याचा हातोडा हे खरं कारण आहे.

रेले यांचा बुडबुडा मोकळ्या पाण्यात, सगळीकडून गोल मिटणारा होता. प्रत्यक्षात बुडबुडा धातूच्या भिंतीला टेकलेला किंवा तिच्याजवळ असतो. भिंतीकडून पाणी येऊ शकत नाही, म्हणून तो एका बाजूनेच दबतो. भिंतीपासून दूरची बाजू आत खचते, आरपार जाते आणि पाण्याची एक सुईसारखी बारीक धार थेट भिंतीवर आदळते. १९७१ साली प्लेसेट आणि चॅपमन यांनी गणिताने काढलं की भिंतीला लागून मिटणाऱ्या बुडबुड्यातली ही धार साध्या हवेच्या दाबाखालीही सेकंदाला शंभर मीटरच्या वर जाते. शंभर मीटरच्या वेगाने आदळणारं पाणी त्या क्षणी सुमारे १५० मेगापास्कल दाब देतं, हवेच्या दाबाच्या पंधराशे पट. जागा टाचणीच्या टोकाहून लहान, वेळ मायक्रोसेकंदांचा. एका घावाने काही होत नाही, पण घाव त्याच जागी हजारो-लाखो वेळा बसतो. पृष्ठभाग आधी कडक होतो, मग त्यात सूक्ष्म चिरा पडतात, चिरा एकमेकींना मिळतात आणि धातूचा कण निसटतो. कण निसटल्यावर खड्डा तयार होतो आणि खड्ड्यातल्या खडबडीत भागावर पुढचे बुडबुडे आणखी सहज जन्म घेतात.

ट्रॅक्टरची आणि ट्रकची इंजिनं खोलणाऱ्यांना हेच दुसऱ्या रूपात भेटतं. डिझेल इंजिनात सिलिंडरच्या लायनरभोवती थंडाव्याचं पाणी असतं. पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याने लायनर किंचित थरथरतो, त्याला लागलेल्या पाण्याचा दाब क्षणभर उतरतो आणि चढतो. काही हजार तासांनी लायनरच्या पाण्याकडच्या बाजूला उभ्या पट्ट्यात खोल छिद्रं दिसतात, आणि एखादं आरपार गेलं तर पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंटऐवजी नुसतं विहिरीचं पाणी घालून ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चांगल्या कूलंटमधली द्रव्यं लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि घावाचा जोर तो थर सोसतो.

आता डायकडे वळू.

उच्च दाबाच्या डाय-कास्टिंगमध्ये ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ६५० ते ७०० अंशांवर वितळवून शॉट स्लीव्ह नावाच्या आडव्या नळीत ओततात. प्लंजर तो आधी हळू पुढे सरकवतो आणि मग एकदम जोर लावून डायमध्ये ढकलतो. नळीच्या टोकाशी उरणाऱ्या जाड चकतीला कारखान्यात बिस्किट म्हणतात. तिथून धातू रनर नावाच्या वाटेने धावते आणि शेवटी गेट या अरुंद फटीतून डायच्या पोकळीत शिरते. गेटमधला वेग सेकंदाला साधारण ३० ते ६० मीटर असतो. पोकळी भरायला लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात मोजावा लागतो. पोकळी भरली की लगेच दाब काही शे बारपर्यंत चढवतात, म्हणजे आत अडकलेली हवा चिरडली जाते आणि आक्रसणारा भाग भरून येतो. धातू गोठते, डाय उघडते, इजेक्टर पिना भाग बाहेर ढकलतात, डायवर फवारा मारला जातो आणि पुढचा शॉट. असे एका डायवर लाखभर शॉट काढायचे असतात.

ज्या पोलादाने ही डाय बनते ते साधं नसतं. बहुतेक ठिकाणी एच-१३ वापरतात. त्यात साधारण ५ टक्के क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असतं, आणि उष्णतोपचाराने ते काठिण्याच्या रॉकवेल-सी मापावर ४४ ते ४८ पर्यंत कठीण केलेलं असतं. खोलीच्या तापमानाला त्याची ताणशक्ती सुमारे १५०० मेगापास्कल भरते. तापल्यावर ती झपाट्याने उतरते, आणि डायचा पृष्ठभाग तर प्रत्येक शॉटला तापतो.

वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या सुमारे २.४ पट असते. ते सेकंदाला ४० मीटरने धावत असेल तर नुसत्या वेगात साठलेला दाब जवळपास १९ हवेच्या दाबांइतका होतो. जस्ताचा मिश्रधातू पाण्याच्या साडेसहा पटींहून जड. त्याच वेगाला तो आकडा पन्नासच्या वर जातो. प्रवाहात वेग आणि दाब यांची देवाणघेवाण चालू असते. जिथे वेग वाढतो तिथे दाब उतरतो. धातू एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यावरून वळली, किंवा अरुंद रनरमधून एकदम रुंद जागी आली, तर धावता प्रवाह भिंतीला धरून वळू शकत नाही. तो सुटतो आणि कोपऱ्यामागे रिकामी जागा राहते. त्या जागेत दाब जवळजवळ शून्यावर येतो. पंपाच्या तोंडाशी जे चैत्रात घडतं तेच इथे प्रत्येक शॉटला घडतं.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. पाण्याचे बुडबुडे मुख्यतः वाफेचे असतात. ॲल्युमिनियम सुमारे २५०० अंशांना उकळतं, त्यामुळे ७०० अंशांच्या ॲल्युमिनियमची वाफ नगण्य असते. तिथल्या पोकळ्यांत वाफेऐवजी हवा असते, धातूत विरघळलेला हायड्रोजन असतो, डायवर फवारलेल्या द्रव्याचे वायू असतात, किंवा जवळपास काहीच नसतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि ४२० अंशांच्या आसपास ओतलं जातं, म्हणून त्याला वाफ होणं तुलनेने सोपं. पण मिटण्याच्या दृष्टीने आत काय आहे यापेक्षा किती आहे हे महत्त्वाचं. आत वायू भरपूर असेल तर तो गादी होतो आणि घाव मंदावतो. आत जवळपास काहीच नसेल तर घाव पूर्ण जोराने बसतो.

हे मिटणं कुठे होतं? जिथे प्रवाहाचा वेग पुन्हा कमी होतो आणि दाब चढतो तिथे. म्हणजे गेट ओलांडून आत, एखाद्या कोअर पिनमागे (भागात भोक ठेवणाऱ्या खिळीमागे), प्रवाह पसरतो त्या कडेला. शिवाय पोकळी भरल्याच्या क्षणी जो दाब अचानक चढवला जातो, त्या वेळी उरलेसुरले सगळे बुडबुडे एकदम मिटतात. रेले यांचं सूत्र ५०० बार दाबाला लावलं तर वितळलेल्या ॲल्युमिनियममधला १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सहा-सात मायक्रोसेकंदांत संपतो. गोठायला धातूला जो वेळ लागतो त्यापुढे हा काळ काहीच नाही, म्हणजे धातू अजून पातळ असतानाच घाव बसून जातो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये आवाज सेकंदाला सुमारे ४७०० मीटरने धावतो. शंभर मीटरच्या वेगाने आदळणाऱ्या त्याच्या धारेचा क्षणिक दाब हिशेबाने हजार मेगापास्कलच्या वर निघतो. तापलेल्या एच-१३ ला हा दाब सोसावा लागतो, लाखभर वेळा, त्याच त्या जागी.

डाय बिघडली की टूलरूममध्ये पहिला प्रश्न असतो, हे झालं कशाने. डाय खराब व्हायची कारणं चार-पाच असतात आणि त्यांचे इलाज वेगवेगळे, कधी एकमेकांच्या उलटही असतात. म्हणून भिंग घेऊन पाहण्याला पर्याय नाही. तापण्या-थंड होण्याने पडलेल्या चिरांची जाळी उठते. कारखान्यात तिला हीट चेक म्हणतात. ती डायच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर पसरलेली असते. ॲल्युमिनियम पोलादाला चिकटून बसलं असेल तर ते सोल्डरिंग. तिथे राखाडी-चंदेरी थर दिसतो आणि भाग सोडवताना ओरखडे उठतात. गेटच्या थेट समोर, धार आदळते तिथे गुळगुळीत, प्रवाहाच्या दिशेने ओढलेली घळ पडली असेल तर ती झीज, म्हणजे वॉशआउट.

कॅव्हिटेशनचा खड्डा या तिन्हींपासून वेगळा ओळखू येतो. भिंगाखाली त्याचा तळ खडबडीत, दाणेदार आणि मंद दिसतो. चकाकी नसते, प्रवाहाची रेघ नसते. कडा उभ्या तुटलेल्या असतात. खड्डे एकटे नसतात, घोळक्याने येतात, आणि तो घोळका धारेच्या थेट समोर क्वचितच असतो. धारेच्या बाजूला किंवा अडथळ्याच्या आडोशाला असतो. धातू जिथे सर्वांत जोराने आदळते तिथे डाय शाबूत आणि बाजूला पोखरलेली, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. पण डायकडे पाहण्याआधी भागाकडे पाहावं. डायमधला खड्डा भागावर उंचवटा होऊन येतो. हातात घेतलेल्या भागावर अंगठा फिरवला तर बारीक पुटकुळ्या लागतात, आणि प्रत्येक शॉटच्या भागावर त्या नेमक्या त्याच जागी असतात. पहिल्या काही हजार शॉटना त्या नसतात. मग दोन-तीन उठतात, मग त्यांचा ठिपका होतो. जस्ताच्या भागावर पुढे मुलामा चढवायचा असेल तर मुलामा त्या पुटकुळ्या झाकत नाही, उलट उठावदार करतो.

जस्ताच्या डायना कॅव्हिटेशनची तक्रार जास्त आणि ॲल्युमिनियमच्या डायना कमी, असं या धंद्यात ऐकायला मिळतं. कारण सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या डायला उष्णतेच्या चिरा आणि चिकटणं आधी संपवतात. जस्त थंड तापमानाला ओतलं जातं, त्यामुळे चिरा फार पडत नाहीत आणि डाय काही लाख शॉट चालते. मंद गतीच्या आजाराला दिसून येण्याइतकं आयुष्य तिला मिळतं. त्यात जस्त जड. दोन्ही गोष्टी जुळून येतात.

आता इलाजाबद्दल. सहसा केलं जातं ते असं: खड्डे घासून पॉलिश करतात. ते खोल असतील तर वेल्डिंगने भरतात आणि पुन्हा घासतात. त्याने उत्पादन चार दिवस चालतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचं पोलाद मऊ किंवा ठिसूळ होतं, आत ताण राहतात, आणि खड्डे पुन्हा तिथेच, आधीपेक्षा लवकर येतात. दुसरा इलाज पृष्ठभाग आणखी कठीण करण्याचा: नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) किंवा पातळ कठीण लेप. चिकटण्यावर आणि झिजेवर त्याचा चांगला उपयोग होतो. कॅव्हिटेशनवर तो वेळ वाढवून देतो, इतकंच. लेपाखालचं पोलाद दबलं की लेप तडकतो. पोलाद कितीही चांगलं घेतलं तरी लाखो घावांपुढे ते हरणारच. हा दोष पोलादाचा नाहीच. तो धातू ज्या वाटेने येते त्या वाटेचा आहे.

म्हणून रनरचा नकाशा पाहावा लागतो. बिस्किटापासून गेटपर्यंत वाटेचं छेदक्षेत्र सतत थोडं थोडं कमी होत गेलं पाहिजे, कुठेही वाढता कामा नये. क्षेत्र घटत गेलं की वेग हळूहळू वाढतो, प्रवाह भिंतीला दाबून धरला जातो आणि सुटायला जागा मिळत नाही. समजा रनर एके ठिकाणी ३०० चौरस मिलिमीटरचा आहे, वळणावर घडणाऱ्याने सहज म्हणून तो ३६० केला आणि पुढे पुन्हा ३०० वर आणला. कागदावर काही बिघडलेलं दिसत नाही. प्रत्यक्षात त्या वळणावर दर शॉटला पोकळी जन्मते आणि तिचे बुडबुडे गेटमधून आत वाहून जातात. वळण काटकोनी न ठेवता मोठ्या त्रिज्येचं ठेवणं, दोन रनर मिळतात तिथे टोक गोल करणं, रनरची भिंत पॉलिश करणं, ही कामं साधी आहेत, पण टूलरूममध्ये घाई असली की पहिल्यांदा यांवरच कात्री चालते. डायची पोकळी डोळ्यांसमोर असते म्हणून ती चकाकवली जाते. रनर कुणी पाहणार नाही म्हणून कटरच्या खुणांसकट सोडला जातो.

दुसरी जागा शॉट स्लीव्ह. प्लंजर सुरुवातीलाच जोरात हलला तर धातूची लाट उसळून हवा गिळते, आणि फार हळू हलला तरी लाट परत फिरून हवा कोंडते. प्लंजरचा पहिला टप्पा नीट बसवला, धातूतला वायू आधी काढून घेतला, ओव्हरफ्लो (जास्तीची धातू जाण्याचे कप्पे) आणि हवेच्या वाटा मोकळ्या ठेवल्या की बुडबुड्यांची बीजंच कमी होतात. गेटचा वेग गरजेपेक्षा जास्त ठेवणं हाही एक सवयीचा दोष. भाग नीट भरत नाही म्हटलं की वेग वाढवायचा, ही सगळ्यात सोपी कळ; पण वेगातला दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ४० चे ५० मीटर केले तर तो दीडपटीहून जास्त होतो.

धरणांच्या अभियंत्यांनी याच आजारावर एक वेगळा तोडगा काढला. १९८३ साली अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात पुराचं पाणी सोडल्यावर कॅव्हिटेशनने काँक्रीट आणि खाली खडक फोडून दहा मीटरपेक्षा खोल खड्डा पाडला. दुरुस्तीत त्यांनी बोगद्याच्या तळाला हवा आत घेणारी खाच केली. प्रवाहात हवा मिसळली की बुडबुडे गादीवर पडल्यासारखे मिटतात. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेतही कॅव्हिटेशन तपासण्याचा बोगदा आहे. धरणाला लागू पडणारा हवा मिसळण्याचा हा इलाज डायला मात्र करता येत नाही. डायमध्ये हवा सोडली तर भागात छिद्रं राहतात आणि इंजिनाचं कव्हर तेल गळू लागतं. डाय-कास्टिंगचा सगळा झगडा हवा बाहेर काढण्याचा आहे, आणि हवा जितकी कमी तितका उरलेल्या पोकळीचा घाव कठोर. या पेचातून सुटायचा मार्ग एकच: पोकळी जन्मूच न देणं. म्हणजे पुन्हा धातूची वाटच सुधारणं.

डायच्या पोटातून जाणाऱ्या थंड पाण्याच्या वाटांकडेही लक्ष द्यावं. तापलेल्या पोलादाला लागलेलं पाणी जागोजागी उकळतं, वाफेचे बुडबुडे थंड पाण्यात शिरतात आणि मिटतात. कोअर पिनमधली बारीक वाट त्याने आतून पोखरली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. कळतं ते पिन फुटून पाणी डायमध्ये आल्यावर. पाण्याचा दाब पुरेसा ठेवणं आणि वाटेत एकदम रुंद-अरुंद होणाऱ्या जागा टाळणं हाच तिथलाही उपाय.

हाच घाव माणसाच्या उपयोगाला लावता येतो, आणि महाराष्ट्रात त्यावर मोठं काम झालेलं आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी वाहत्या पाण्यात मुद्दाम कॅव्हिटेशन घडवून त्याचा रासायनिक क्रियांसाठी आणि पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापर करण्यावर दीर्घ संशोधन केलं. १९९३ साली प्रा. ज्येष्ठराज जोशी यांच्याबरोबर त्यांनी कॅव्हिटेशनने तेलाचं विघटन करण्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विवेक रानडे यांनी पाण्याचा भोवरा तयार करणाऱ्या उपकरणात बुडबुडे भिंतीपासून दूर, मधोमध मिटतील अशी रचना केली, म्हणजे पाणी शुद्ध होतं आणि उपकरण पोखरलं जात नाही. डाय घडवणाऱ्याने या कामातून घेण्यासारखी गोष्ट ही की बुडबुडा कुठे मिटेल हे वाटेच्या आकारावर ठरतं आणि तो आकार माणसाच्या हातात असतो.

लोहारा, उमरगा, तुळजापूर भागातली मुलं-मुली आयटीआय करून छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये शिकायला जातात, वाळूज, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत लागतात. त्यांना माझं सांगणं आहे. भागावर पुटकुळ्या उठल्याची तक्रार आली तर वेल्डिंगची मशीन सुरू करण्याआधी बिस्किटापासून गेटपर्यंत दर सेंटिमीटरला रनरचं छेदक्षेत्र मोजा आणि कागदावर लिहा. एखाद्या जागी आकडा वाढलेला सापडला तर आधी ती जागा दुरुस्त करा, खड्डा त्यानंतर भरा. आणि गावी सुट्टीला आलात की उन्हाळ्यात खडखडणाऱ्या मोटारीचा पंखा बदलण्याआधी वडिलांना सांगा, मोटार दोन मीटर खाली उतरवा.